शेवंती खालून करपतेय? पंप पाठीवर घेण्याआधी पान उलटून बघा

श्रावण सरत आला की माझा फोन वाजायला लागतो. "ताई, शेवंती खालनं काळी पडायला लागलीय, काय मारू?" काय झालंय हे कुणी विचारत नाही, थेट काय मारू. मी पुरंदर तालुक्यात शेवंतीची रोपं करून देते, काश्याही (बुडातून जमिनीवर येणारे फुटवे) आणि शेंड्याची कलमंही. त्यामुळे रोप माझ्याकडून नेलेलं असो वा नसो, तक्रार माझ्याकडे येते. दर वर्षी तेच सांगते, म्हणून आता एकदाच लिहून ठेवते.

काय दिसतं

बहुतेक फोन एकाच तक्रारीचे असतात. जमिनीलगतच्या पानांवर तपकिरी-काळे डाग पडतात. काही गोल, काही वेडेवाकडे, भोवती पिवळसर कडा. आठवड्याभरात डाग एकमेकांत मिसळतात, पान सुकतं, पण गळत नाही. चुरगाळलेल्या कागदासारखं काडीला लोंबत राहतं. मग त्याच्या वरचं पान, मग त्याच्याही वरचं. गणपती येईपर्यंत झाड गुडघ्यापर्यंत उघडं आणि वर हिरवा झुपका. याला आपल्याकडे सरसकट 'करपा' म्हणतात.

पण करपा म्हणून मला दाखवलेल्या प्लॉटात मी बाकीही बरंच पाहिलंय. पानावर वरून पीठ भुरभुरल्यासारखं पांढरं. शिरांच्या मध्ये अडकलेले, पट्टीने आखल्यासारखे कोनदार डाग. एका अंगाने माना टाकलेली झाडं, जी संध्याकाळी पाणी देऊनही उठत नाहीत. उमलत्या फुलाच्या पाकळ्या तपकिरी होऊन त्यावर राखाडी लव. खालची पानं नुसतीच पिवळी, डाग एकही नाही.

आणि एक लक्षण वेगळं काढून सांगते, कारण त्याच्यासाठीच हा एवढा खटाटोप. पानाच्या वरच्या बाजूला फिकट हिरवे-पिवळे ठिपके, जास्तीत जास्त 5 मिलिमीटर, थोडे आत दबलेले, जणू बोटाने खळगा पाडलाय. पान उलटलं की बरोबर त्याच जागी मेणासारखे फोड, आधी पिवळट-गुलाबी, मग पांढरे. असं दिसलं तर पुढच्या तपासण्या राहू द्या, थेट 'पांढरा तांबेरा' या भागावर जा.

पहिली तपासणी: प्लॉटच्या कडेला उभं राहा (खर्च शून्य, वेळ पाच मिनिटं)

झाडाला हात लावायच्या आधी रोग कुठे आहे ते बघा. बुरशी सहसा ठिगळाठिगळाने येते. एका कोपऱ्यात जास्त, दुसरीकडे कमी. जिथे पाणी साचतं, जिथे बांधावरच्या झाडाची सावली दुपारपर्यंत असते, जिथे सकाळचं दव उशिरा उतरतं, तिथे आधी. सगळ्या प्लॉटात, सगळ्या सऱ्यांत, एकाच दिवशी, एकाच उंचीवर पानं जळली असतील तर ती बहुधा बुरशी नव्हे. ते औषधाचं किंवा खताचं जळणं असतं. चार दिवसांपूर्वी काय फवारलं ते आठवा. तणनाशकाचा पंप नीट न धुता त्यातच दुसरं औषध घालून मारलेलं मी तीनदा पाहिलंय, आणि तिन्ही वेळा 'करपा आलाय' असाच निरोप होता.

खालून वर चढतंय की वरून खाली उतरतंय हेही इथेच कळतं. खालून वर चढणारा डाग पाण्याच्या शिंतोड्यांबरोबर चढतो. जमिनीवर पडलेल्या जुन्या पानात बुरशी असते, पावसाचा थेंब तिथे आपटतो आणि खालच्या पानावर उडतो. म्हणून ज्यांचा मल्चिंग पेपर अंथरलेला असतो त्यांच्याकडे हा त्रास कमी, आणि जे तुषार सिंचनाने भिजवतात त्यांच्याकडे जास्त.

दुसरी: पान उलटा आणि बोट फिरवा

सगळ्यात स्वस्त प्रयोगशाळा म्हणजे तुमचं बोट. पाच वेगवेगळ्या जागची पाच-पाच पानं उलटा.

वरची पांढरी भुकटी बोटाला लागून पुसली गेली, तर भुरी. त्याला पाण्यात मिसळणारं गंधक चालतं, पण कडक उन्हात गंधक मारलं तर पानं पोळतात. संध्याकाळी मारा.

पानाखाली चॉकलेटी भुकटी आणि बोट तपकिरी झालं, तर साधा तांबेरा. हाही तांबेराच, पण पांढऱ्या तांबेऱ्याइतका घातक नाही. बाधित पानं काढली, हवा खेळती केली की बहुतेक वेळा आटोक्यात येतो.

पानाखाली पांढरट-गुलाबी फोड, आणि बोटाने घासूनही पुसले जात नाहीत, नखाला मेण लागल्यासारखे वाटतात, तर थांबा. हात धुवा. दुसऱ्या वाफ्यात जाऊ नका.

पानाखाली काहीच नाही, पण पान तांबूस-निस्तेज आणि बारीक जाळी? पांढरा कागद खाली धरून फांदी झटका. कागदावर मिरीपुडीचे कण चालायला लागले तर तो लाल कोळी. त्याच्यावर बुरशीनाशक मारून पैसे कशाला घालवायचे?

ही तपासणी सगळ्यांत महत्त्वाची आणि सगळ्यांत कमी केली जाणारी. फोटोसुद्धा मला सगळे पानाच्या वरच्या बाजूचेच पाठवतात.

तिसरी: पाणी आणि खत

डाग नाहीत, खालची पानं एकसारखी पिवळी, तर नत्राची भूक किंवा मुळाशी साचलेलं पाणी. मातीत बोट घाला, दोन पेरं खोल. चिखल असेल तर ठिबक बंद करा आणि चर मोकळा करा. पानाच्या फक्त कडा जळल्या असतील तर क्षार. आमच्या भागात उन्हाळ्यात बोअरचं पाणी जड होतं, तेव्हा हे हमखास दिसतं. यातलं काहीच औषधाने बरं होत नाही.

चौथी: भिंग

दहापट दाखवणारं भिंग घ्या. एका फवारणीच्या औषधापेक्षा स्वस्त पडतं आणि दहा वर्षं टिकतं. डागाचा मधला, मेलेला, राखाडी पडलेला भाग बघा. तिथे खसखशीपेक्षाही बारीक काळे ठिपके रुतून बसलेले दिसले, तर तो सेप्टोरिया, म्हणजे आपला नेहमीचा करपा. त्या ठिपक्यांत बुरशीचे बीजाणू भरलेले असतात आणि पान ओलं झालं की बाहेर येतात. ठिपके नसून डागात गोल गोल कडी दिसत असतील, झाडाच्या खोडाच्या चकतीसारखी, तर अल्टरनेरिया, ही करप्याचीच दुसरी बुरशी. औषधाच्या दृष्टीने दोघांत फार फरक पडत नाही. हे मी मुद्दाम सांगते, कारण दोघांतलं कुठलं यावर दोन जावांनी माझ्यासमोर अर्धा तास वाद घातलाय.

डाग कोनदार, शिरांनी अडवलेले असतील तर वेगळा संशय घ्या, पानातल्या सूत्रकृमींचा, म्हणजे धाग्यासारख्या अतिबारीक कृमींचा. बाधित पानाचे बारीक तुकडे करून काचेच्या ग्लासात स्वच्छ पाण्यात रात्रभर ठेवा. सकाळी तळाचा थेंब भिंगाखाली घ्या. केसाच्या तुकड्यासारखं काही वळवळलं तर बुरशीनाशक बाजूला ठेवा. इथे तुमचं काम संपलं. सूत्रकृमी डोळ्यांनी ओळखून औषध ठरवायचं काम घरच्या घरी होत नाही. नमुना कृषी विज्ञान केंद्रात द्या.

पाचवी: पिशवीतली रात्र

भिंगाने कळलं नाही तर दोन-तीन बाधित पानं घ्या, ओला टिश्यू किंवा ओलं फडकं आणि पान असं प्लॅस्टिकच्या पिशवीत फुगा करून बंद करा. घरातल्या गार जागी रात्रभर, फार तर दोन रात्री. बुरशी जिवंत असेल तर दमटपणात बाहेर डोकावते. राखाडी लव उगवली तर बोट्रायटिस, म्हणजे फुलांवर राखाडी लव आणणारी बुरशी. काळ्या ठिपक्यांतून चिकट पदार्थ आला तर सेप्टोरिया. जळण्याचे, क्षाराचे, औषधाचे डाग जसेच्या तसे राहतात. दोन रात्रींनंतर मात्र पान नुसतं कुजतं आणि कुजण्यावरच्या बुरश्या दिसायला लागतात, तेव्हा त्यावरून काही ठरवू नका.

सहावी: एक झाड उपटा

शेतकऱ्याला झाड उपटणं जिवावर येतं, म्हणून ही शेवटाकडे ठेवलीय. पण झाडं माना टाकत असतील तर दुसरा उपाय नाही. मेलेलं झाड नको, नुकतंच मलूल झालेलं घ्या. मुळं धुवा. काळी, बोटाने साल निसटणारी मुळं असतील तर मूळकुज. मुळं बरी दिसली तर खोड जमिनीपासून चार बोटं वर आडवं कापा, मग उभं चिरा. सालीच्या आत तपकिरी रेघ वर चढलेली दिसली तर मर रोग, फ्युजेरियम नावाच्या बुरशीचा.

मर झालेलं झाड कुठल्याही फवारणीने उठत नाही. दुकानात कुणी 'आळवणी करा (मुळाशी औषध ओता), उठेल' म्हणालं तरी उठत नाही. ते झाड मातीसकट काढा, भोवतीची दोन-तीन झाडं नजरेखाली ठेवा, आणि त्या जागी पुढच्या वर्षी शेवंती लावू नका. दहा टक्क्यांच्या वर झाडं अशी निघाली तर इथेच थांबा आणि तज्ज्ञाला शेतावर बोलवा. कारण प्रश्न आता झाडाचा राहिलेला नाही, जमिनीचा किंवा रोपांचा आहे.

सातवी: रोप आलं कुठून

ही तपासणी अवघड, कारण ती माणसांची आहे. स्वतःपासून सुरुवात करते. काही वर्षांपूर्वी माझ्या मातृवाफ्याला, म्हणजे ज्या झाडांपासून रोपं काढते त्या वाफ्याला, मी सोय म्हणून तुषार लावला होता. खालच्या पानांवर थोडे डाग होते, मी म्हटलं पावसाळा आहे, जातील. त्या वाफ्यातल्या काश्या तीन गावांत गेल्या. दोन महिन्यांनी तिन्ही गावांतून फोन आले, आणि तिन्ही प्लॉटांत डाग सारखेच, वय सारखंच. काशी जमिनीतून फुटते, तिच्या पायथ्याची पानं मातीला टेकलेली असतात. म्हणजे मी रोपासोबत बुरशीही विकली होती. तिघांनाही मीच सांगितलं. एकाने पुढची दोन वर्षं रोप नेलं नाही, आणि त्याचं बरोबर होतं.

तेव्हापासून माझी पद्धत अशी: काश्यांची खालची पानं काढूनच द्यायच्या, शक्य तिथे शेंड्याची कलमं द्यायची, मातृवाफ्याला पाणी फक्त ठिबकने. आणि बाहेरून नवी जात आणली की तीन-चार आठवडे वेगळ्या जागी. वेगळ्या जागी म्हणजे शेजारच्या वाफ्यात नव्हे. मी घराच्या मागे, गोठ्यापलीकडे ठेवते आणि तिथलं काम दिवसाच्या शेवटी करते, म्हणजे तिथले हात आणि कात्री इकडे येत नाहीत.

तुमच्याकडे दोन ठिकाणची रोपं असतील आणि रोग एकाच ठिकाणच्या रोपांवर असेल, तर अर्धं उत्तर मिळालं. लागवडीच्या दिवशी कुठल्या सरीत कुठलं रोप लावलं हे वहीत लिहा. 'लक्षात राहतं' म्हणणाऱ्यांचं राहत नाही.

नेहमीचा करपा निघाला तर

कोरड्या दिवशी, दव उतरल्यावर, जमिनीपासून वीतभर उंचीपर्यंतची बाधित पानं काढा. ओल्या झाडात शिरू नका. तुमची साडी, पँट, हात हेच मग शिंतोडे होतात. काढलेली पानं सरीत टाकू नका, बांधावरही नको. पोत्यात भरून बाहेर न्या आणि खोल पुरा. डाग पडलेल्या पालापाचोळ्यात ही बुरशी दोन हंगाम काढू शकते, म्हणून त्याच जागी शेवंतीवर शेवंती घेऊ नये, मध्ये बाजरी-ज्वारीसारखं काही घ्यावं.

मग फवारणी. मॅन्कोझेब 25 ग्रॅम 10 लिटर पाण्याला, हे बहुतेकांना माहीत असतं. पुढे फसतात ते असे: फवारणी केली, आठ दिवसांनी तीच डागाळलेली पानं बघितली, 'औषध लागू झालं नाही' म्हणाले, दुकानात गेले आणि दुप्पट महाग काहीतरी घेऊन आले. मॅन्कोझेब हे स्पर्शजन्य औषध आहे. ते पानावर कवच धरतं, आत शिरून जुना डाग पुसत नाही. पडलेला डाग कुठल्याच औषधाने हिरवा होत नाही.

म्हणून मी लोकरीचा दोरा वापरते. फवारणीच्या दिवशी प्लॉटात दहा झाडं निवडायची, प्रत्येकाच्या सगळ्यात वरच्या डागी पानाच्या देठाशी दोरा सैल बांधायचा. दहा-बारा दिवसांनी फक्त दोऱ्याच्या वर बघायचं. वर डाग नाही, म्हणजे औषधाने काम केलं, खाली काहीही दिसो. दहापैकी चार-पाच झाडांवर दोऱ्याच्या वर नवे डाग आले, म्हणजे एक तर फवारा पानाच्या खालून पोचत नाही किंवा निदान चुकलंय. दोरा लाल घ्या. पहिल्या वर्षी मामंजींच्या जुन्या स्वेटरचा हिरवा घेतला होता, एकही सापडला नाही.

दुसरी फवारणी त्याच गटाच्या औषधाने करू नका. आणि एका पंपात कीटकनाशक, बुरशीनाशक, टॉनिक, स्टिकर असा काला करू नका. एका कृषी सेवा केंद्रातून असे चार पुडे एकत्र करून दिलेले मी स्वतः पाहिलेत. फवारल्यावर पानं अशी जळली की मूळ रोग कुठला होता हे शोधायलाच जागा उरली नाही. डब्यावरच्या लेबलावर पीक, मात्रा आणि काढणीपूर्वीचे दिवस लिहिलेले असतात, ते वाचा. ही फुलं बायकांच्या वेणीत जातात, देवाला वाहतात, लहान मुलं हाताळतात.

दोन फवारण्या, पानं काढणं, पाण्याची पद्धत बदलणं, एवढं करून तीन आठवड्यांत दोऱ्याच्या वर डाग येतच असतील तर तिसरी फवारणी करू नका. तज्ज्ञाला बोलवा.

पांढरा तांबेरा: इथे तपासणी थांबते

पक्सिनिया होरियाना या बुरशीचा हा रोग. पहिली नोंद जपानात 1895 ची. कित्येक दशकं तो तिकडेच होता, मग 1960 च्या दशकात युरोपात शिरला आणि 1977 मध्ये अमेरिकेत न्यू जर्सी आणि पेनसिल्व्हेनियात सापडला. समुद्र ओलांडून तो वाऱ्याने गेला नाही, कलमांच्या खोक्यांतून गेला. रोपवाटिका चालवणाऱ्या माझ्यासारखीने हे विसरू नये, एवढ्यासाठी हा इतिहास.

याची तऱ्हा करप्यापेक्षा वेगळी. पानावर पाण्याचा पातळ थर पाच-एक तास टिकला आणि हवा गार असली, 17 अंशांच्या आसपास, की संसर्ग होतो. फोड सात ते दहा दिवसांत दिसतात. पण 30 अंशांच्या वर उष्णता गेली तर हीच बुरशी पानात दडून बसते आणि आठ-आठ आठवडे बाहेर दिसत नाही. याचा अर्थ नीट घ्या: एप्रिल-मेच्या उन्हात आणलेलं रोप डोळ्यांना स्वच्छ दिसेल आणि थंडीच्या दवात, किंवा पॉलिहाऊसच्या दमट रात्रीत, अचानक फोड येतील. तोवर त्याच रोपांपासून तुम्ही कलमंही काढलेली असतील.

फोडांवरून उडणारे बीजाणू नाजूक असतात. हवा कोरडी झाली की काही मिनिटांत मरतात. पण ओलसर वाऱ्यात 700 मीटरपर्यंत गेल्याच्या नोंदी आहेत. 700 मीटर म्हणजे आमच्या शिवारात सात-आठ जणांची शेतं. तोडून टाकलेल्या कोरड्या पानावरचे फोड मात्र आठ आठवडे जिवंत राहू शकतात, म्हणून अशी पानं उकिरड्यावर टाकायची नाहीत. समाधानाची गोष्ट एकच: ही बुरशी शेवंती आणि तिच्या जवळच्या भावकीवरच जगते. झेंडूवर, जरबेऱ्यावर, गुलाबावर जात नाही.

संशय आला की लगेच औषध मारावंसं वाटतं. मारू नका. आंतरप्रवाही (झाडाच्या आत शिरणाऱ्या) औषधाने फोड दबतात, बुरशी आत राहते आणि प्रयोगशाळेत नमुना नितळ निघतो. झाडं उपटू नका, कुणाला पान दाखवायला गावात फिरू नका, आणि पान खिशात घालून कृषी सेवा केंद्रात तर मुळीच जाऊ नका. तिथे दिवसभरात किती शेवंतीवाले येतात याचा विचार करा. प्लॉटला दोरी बांधा, रोप-कलम-काशी काहीही बाहेर देणं बंद करा, आणि कळवा.

कळवायचं कुणाला, आणि काय

पहिला फोन गावच्या कृषी सहायकांना. हल्ली पदाचं नाव सहायक कृषी अधिकारी झालंय, माणूस तोच. ते तालुका कृषी अधिकाऱ्यांपर्यंत नेतात. ते दौऱ्यावर असतील तर वाट बघत बसू नका, जवळच्या कृषी विज्ञान केंद्रात वनस्पती रोगाच्या तज्ज्ञाला गाठा. पुणे जिल्ह्यात बारामती आणि नारायणगाव अशी दोन केंद्रं आहेत. पुण्यात मुंढवा-मांजरी रस्त्याला पुष्पविज्ञान संशोधन संचालनालय आहे आणि गणेशखिंडला पुष्प संशोधनाचं केंद्र आहे. फुलांचंच काम करणारी माणसं तिथे भेटतात. नगर-नाशिककडच्यांना राहुरीचं विद्यापीठ जवळ. कुणाचाच फोन लागत नसेल तर किसान कॉल सेंटर, 1800-180-1551, मराठीत बोलतात, सकाळी सहा ते रात्री दहा.

'शेवंतीवर रोग आलाय' एवढंच सांगितलं तर समोरचा 'मॅन्कोझेब मारा' एवढंच सांगेल, त्याचाही दोष नाही. फोनआधी कागदावर हे लिहून घ्या: जात कोणती, लागवडीची तारीख, रोप कुठून आणि कधी आणलं, पहिला डाग कोणत्या दिवशी दिसला, क्षेत्र किती, पाणी कसं देता, आतापर्यंत काय काय आणि कोणत्या तारखेला मारलं. शेवटचं लपवू नका. आणि किती झाडं बाधित आहेत ते मोजून सांगा. प्लॉटात वेडंवाकडं चालत दहा जागी थांबायचं, प्रत्येक जागी दहा झाडं बघायची. शंभरातली किती, तो तुमचा टक्का. 'सगळाच प्लॉट गेला' म्हणणाऱ्याचे मोजल्यावर अकरा निघालेले मी पाहिलेत.

फोटो चार: लांबून प्लॉट, एक पूर्ण झाड, पानाची वरची बाजू, पानाची खालची बाजू. शेवटच्या दोघांत शेजारी एक रुपयाचं नाणं ठेवा, म्हणजे डागाचा आकार कळतो. सकाळच्या सावलीत काढा, दुपारच्या उन्हात पांढरे फोड फोटोत उठत नाहीत.

नमुना त्यांनी मागितला तरच पाठवा आणि आधी विचारून पाठवा. अर्धं निरोगी, अर्धं बाधित असं पान हवं. पूर्ण मेलेल्या पानात रोगाची बुरशी शोधणं म्हणजे जत्रेत हरवलेलं पोर शोधणं, इतर शंभर बुरश्या तिथे आलेल्या असतात. दहा-बारा पानं कोरड्या वर्तमानपत्रात थर देऊन गुंडाळा, मग कागदी पाकिटात, त्यावर चिकटपट्टी. इथे प्लॅस्टिक नको. पिशवीतली रात्र घरच्या तपासणीपुरती. प्रवासात तीच पिशवी पानाचा चिखल करते. मर रोगाचा नमुना असेल तर मुळासकट अख्खं झाड, मुळांची माती वेगळ्या पिशवीत बांधून. सोमवारी-मंगळवारी पाठवा. शनिवारी पाठवलेला नमुना रविवारभर कुरिअरच्या गोदामात उकडतो.

लोक कळवत का नाहीत, तेही मला माहीत आहे. 'याच्याकडे रोग आहे' ही बातमी गुलटेकडीच्या फूलबाजारात फुलांच्या आधी पोचेल अशी भीती असते. ती भीती खोटी नाही. पण शेजाऱ्याच्या प्लॉटात महिन्याने फोड आले की तो मागचं सगळं जुळवतोच. मग ते 'याला माहीत होतं आणि बोलला नाही' असं होतं, आणि गावात ते फार वर्षं टिकतं.

उत्तर यायला आठवडाभर लागू शकतो. तोवर करप्याचा संशय असेल तर फुलं तोडायला, विकायला हरकत नाही. पांढऱ्या तांबेऱ्याचा संशय असेल तर तज्ज्ञ सांगेपर्यंत तोडणी थांबवा. नुकसान होतं, दसरा तोंडावर असेल तर जास्तच होतं. पाणी ठिबकनेच आणि सकाळीच द्या, पॉलिहाऊस असेल तर बाजूचे पडदे उघडा, म्हणजे रात्रीचं दव पानावर टिकणार नाही. त्या प्लॉटाची कात्री, घमेलं, चपला वेगळ्या ठेवा. कात्री स्पिरिटने पुसा. मजूर बायकांना आधी निरोगी प्लॉटात पाठवा आणि शेवटी तिकडे, घरी जाताना. आणि तज्ज्ञ शेतावर आले की त्यांना कडेवरून पान दाखवू नका, जिथे पहिला डाग दिसला होता त्या झाडापाशी न्या. त्या झाडाला आधीच एक काठी रोवून ठेवा, कारण आठवड्याभरात ते तुम्हालाही सापडत नाही.